हात उचलत नाही, मग हिंसा कशी? निफाडच्या एका भावाला उत्तर

दादा, तुम्ही इथं टाकलेला प्रश्न दोनदा वाचला. मला काय समजलं ते आधी सांगते, काही चुकलं असेल तर दुरुस्त करा. तुम्ही निफाड तालुक्यातले, घरची द्राक्षबाग. धाकटी बहीण चार वर्षांपूर्वी नाशकात सिडकोत दिली. जावई अंबडच्या कंपनीत कायम, निर्व्यसनी, चारचौघांत गोड बोलणारा. बहीण खासगी शाळेत शिकवते, पदरात तीन वर्षांची मुलगी. तिच्या पगाराचं एटीएम कार्ड त्याच्याजवळ, भाजीचासुद्धा हिशेब द्यावा लागतो. माहेरचा फोन आला की स्पीकरवर घ्यायचा. शाळेतून मधल्या सुट्टीत व्हिडिओ कॉल करून आजूबाजूला कोण आहे ते दाखवायचं. राखीला आली ती दोन तासांत परत गेली, आणि ते दोन तास तो तिच्या शेजारी बसून होता. आई म्हणते, ‘दारू नाही, मारझोड नाही, अजून काय पाहिजे?’ तुम्ही विचारताय, याला हिंसा म्हणायचं का, तिला घरी घेऊन यावं का, की चार माणसं नेऊन त्याला समजवावं?

मी नाशिकमध्ये १९ वर्षं कुटुंब समुपदेशनाचं काम करते. वकील नाही, डॉक्टर नाही, पण दोघांच्या दारात बायकांना घेऊन बसण्यात बरीच वर्षं गेली. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. त्याआधी मला तुमच्या एका अर्ध्या वाक्यापाशी थांबायचंय. तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘गणपतीत एकदा भांडणात गळा धरला होता म्हणे, पण तेवढंच. नंतर दोन दिवस तिचा आवाज बसला होता.’

हे ‘तेवढंच’ नाही, दादा. तुमच्या सगळ्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त घाबरवणारं वाक्य हेच आहे.

गळा आवळणं आणि थोबाडीत मारणं यांत फरक आहे. थोबाडीत मारलं की गालावर बोटं उमटतात, शेजारीण विचारते. गळा आवळल्यावर पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही. आवाज घोगरा होतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत लाल ठिपके येतात, डोकं दुखत राहतं, मधले काही क्षण आठवत नाहीत, कधी कपड्यांत लघवी होते आणि ती लाजेनं कुणाला सांगत नाही. मानेतली मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून दुखावली असेल तर त्याचा परिणाम काही दिवसांनी, लकव्याच्या रूपानं दिसू शकतो. आणि पुढच्या धोक्याचं बोलायचं तर अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ज्या स्त्रीचा गळा जोडीदारानं आधी कधी आवळला होता, तिचा त्याच्या हातून खून होण्याची शक्यता इतर मारहाण झालेल्या स्त्रियांपेक्षा सुमारे सात पट जास्त होती. तो अभ्यास तिकडचा आहे, पण गळा इकडे तिकडे सारखाच असतो. म्हणून आमच्याकडे बाई आली की ‘मारतो का’ याच्या पाठोपाठ ‘गळ्याला हात लावलाय का’ हे मी वेगळं विचारते. कारण त्याला ती स्वतःसुद्धा मारहाण म्हणत नाही. तुमच्या बहिणीनेही म्हटलं नाही, आणि तुम्हीही नाही.

त्यामुळे ‘छाटणी आटोपली की बघू’ असं जे शेवटी लिहिलंय, ते तेवढं बदला. गोडी छाटणी मागेपुढे होईल, ही गोष्ट होऊ देऊ नका.

आता पहिला प्रश्न. मारत नाही, मग हिंसा कशी?

मी उलट विचारते. त्याला मारायची गरज कुठे पडतेय? पैसा त्याच्या हातात, फोन त्याच्या कानात, शाळेतली मधली सुट्टीसुद्धा त्याच्या डोळ्यांसमोर. जिथं एका नजरेनं काम होतं तिथं हात उचलावा लागत नाही. आणि एकदा गळ्यापर्यंत हात गेला, की पुढे नुसतं ‘गणपतीत काय झालं आठवतंय ना’ एवढं पुरतं. सातपूरच्या एका बाईंचं मला अजून आठवतं. त्यांना अकरा वर्षांत तीनदाच मारलं होतं, पण घरी चपलांचा आवाज कसा येतो यावरून त्या त्या दिवशी जेवायला काय करायचं ते ठरवायच्या. टप टप जोरात आली की त्याच्या आवडीची भाजी. हे त्यांनी मला अगदी सहज सांगितलं, जसं आपण पावसाचा अंदाज सांगतो.

तुम्ही विचाराल, नवरा-बायकोत भांडणं तर सगळ्याच घरांत होतात, हिशेबही विचारला जातो. खरं आहे. मी प्रत्येक कुरबुरीला हिंसा म्हणत नाही, आणि कुणी तसं म्हटलं तर मला ते आवडतही नाही, कारण मग खऱ्या हिंसेचं वजन कमी होतं. भांडणात दोघं बोलतात, दोघं चिडतात, दोघांपैकी कुणीही नमतं घेतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मनातलं बोलायची भीती नसते. म्हणून मी बायकांना एकच विचारते: तू ‘नाही’ म्हणालीस तर पुढे काय होतं? ‘मी आज माहेरी राहते’ म्हटलं तर? ‘माझं कार्ड माझ्याजवळ राहू दे’ म्हटलं तर? काही जणी म्हणतात, दोन दिवस तोंड फुगवून बसेल. तो तापट संसार असेल, बोलून सुटू शकेल. काही जणी मात्र लगेच उत्तर देत नाहीत. दाराकडे बघतात, आवाज खाली आणतात, आणि म्हणतात, ‘मी तसं म्हणतच नाही.’

कायदाही फक्त जखमा मोजत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ सालचा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक, असे छळाचे चारही प्रकार लिहिलेले आहेत. तिचा पगार काढून घेणं, तिच्या हक्काच्या पैशापासून तिला तोडणं, हे आर्थिक छळात येतं. तेव्हा तुमच्या आईला सांगा, की ‘मारत नाही’ हे कायद्याच्या दृष्टीनं पूर्ण उत्तर नाही. आईवर चिडू नका मात्र. त्यांच्या पिढीला ‘दिल्या घरी सुखी राहा’ एवढंच शिकवलं गेलं, आणि त्यातल्या किती जणींनी स्वतः काय काय गिळलंय हे आपण कधी विचारलेलं नाही.

हे तुमच्याच घरात घडतंय असंही समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के, म्हणजे चौघींत एक. आणि हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. तुमच्या बहिणीने गळ्याची गोष्ट तुमच्या घरात कुणाला तरी सांगितली, अर्धवट का होईना. तिने दार किलकिलं केलंय, असं मी याकडे बघते.

आता तिसरा प्रश्न आधी घेते, कारण त्यात मला तुम्हाला थांबवायचंय. चार माणसं घेऊन जाऊ नका.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. कामाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मीही अशा बैठकांना बसले आहे. दोन्हीकडची मंडळी, मध्ये एक वजनदार काका, चहा, आणि शेवटी शंभरच्या स्टॅम्प पेपरवर नवऱ्याची सही, ‘यापुढे त्रास देणार नाही, नीट नांदवीन.’ एका मुलीला मी अशी सही घेऊन परत पाठवलं होतं. बैठकीत तिला सगळ्यांसमोर विचारलं, ‘सांग, काय त्रास आहे?’ आणि तिने सांगितलं. खरं ते सगळं सांगितलं. पाच आठवड्यांनी ती मनगट मोडून आली. ‘मॅडम, घरी गेल्यावर पहिलं वाक्य होतं, चार लोकांत माझी इज्जत काढलीस.’ तिला बोलतं करून मीच तिला अडकवलं होतं. त्यानंतर मी ठरवलं, जिथं एकाची दुसऱ्याला भीती आहे तिथं दोघांना समोरासमोर बसवायचं नाही. आधी तिच्याशी एकटीशी बोलायचं, पुन्हा बोलायचं, आणि ती म्हणेल तेव्हाच पुढचं पाऊल. जोडप्याचं समुपदेशन हे भांडणावरचं औषध आहे, धाकावरचं नाही. कुणी समुपदेशक पहिल्याच दिवशी दोघांना एकत्र बोलावत असेल तर तिथून तिला उठवून आणा.

तुम्ही एकट्यानं जाऊन दम दिलात तरी तेच होईल. तुम्ही संध्याकाळी निफाडला परत याल, ती रात्री त्याच घरात असेल. आणि पुढच्या वेळी तुम्हाला सांगायच्या आधी ती दहादा विचार करेल. भावाचा राग मला कळतो. पण हा राग त्याच्या दारात ओतलात तर तो तिच्या अंगावर सांडतो.

मग दुसरा प्रश्न, तिला घेऊन यावं का? इथं मी हो किंवा नाही म्हणणार नाही, कारण ते पुष्कळ गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच फक्त तिलाच माहीत आहेत. त्याने कधी ‘मारून टाकीन’ किंवा ‘स्वतःचं काहीतरी करून घेईन’ म्हटलंय का, हत्यार दाखवलंय का, संशय वाढत चाललाय का, नको असताना जबरदस्ती करतो का, ती पुन्हा गरोदर आहे का, गळ्याचा प्रकार एकदाच की अजून कधी, मुलीला हिसकावून घेण्याची भाषा करतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिला स्वतःला काय वाटतं, तो जिवावर उठू शकतो का? बाई ‘हो, वाटतं’ म्हणाली तर मी ते शंभर टक्के खरं मानून चालते. घाई न करण्याचं कारणही सांगते. बायकांच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका ती निघते तेव्हा आणि निघाल्यानंतरच्या काही महिन्यांत असतो, कारण हातातला ताबा सुटतोय हे त्याला कळतं. म्हणून निघायचं असेल तर आधी सांगून, भांडून, ‘बघते आता मी’ म्हणून निघायचं नसतं. आणि माझ्या या ओळी वाचून तुम्ही उद्या गाडी काढून तिला उचलून आणलंत, तर त्याच्या जागी तिचं आयुष्य ठरवणारे तुम्ही व्हाल. ती महिनाभरात परत जाईल, आणि मग तुम्ही म्हणाल, तिलाच जायचं होतं.

ती का निघत नाही, याचा राग धरू नका. तिचा हिशेब तुमच्यापेक्षा पक्का असतो. मुलगी, नोकरी, आईचं ब्लडप्रेशर, तिच्या वहिनींना किती दिवस चालेल, गाव काय म्हणेल, घरातली पुढची लग्नं, हे सगळं ती रात्री जागून मोजत असते. शिवाय तो रोज वाईट नसतो. गळा धरल्यानंतरच्या आठवड्यात त्याने तिला सोमेश्वरला फिरायला नेलं असेल, मुलीला खेळणी आणली असतील, रडून माफी मागितली असेल. ताण चढत जाणं, स्फोट, मग गोडवा, असं चक्र अमेरिकेतल्या लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये मांडलं. माझ्याकडे आलेल्या सगळ्याच घरांत ते बसत नाही, काही घरांत गोडव्याचा टप्पा कधी आलाच नाही. पण जिथं येतो तिथं बाई त्या चांगल्या आठवड्याच्या आशेवर वर्षं काढते. त्याला मूर्खपणा म्हणू नका. तिने त्या माणसाशी लग्न केलंय, तो चांगला माणूस तिला परत हवा आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

फोनवर काहीही बोलायचं नाही, मेसेजही नाही. जो माणूस स्पीकर लावायला सांगतो त्याने तिचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या यंत्रावर जोडलेलं असण्याची आणि तिचं लोकेशन त्याला दिसत असण्याची शक्यता धरूनच चाला. तिला पुढे कधी सांगता येईल, व्हॉट्सअ‍ॅपमधल्या लिंक्ड डिव्हायसेसमध्ये आणि गुगल खात्यात दुसरा कुठला फोन दिसतो का ते बघ म्हणून. पण एकदम सगळं बंद करायला सांगू नका, त्याला लगेच कळेल की काहीतरी शिजतंय. ज्या फोनवर तो नजर ठेवतो तो फोन तसाच राहू द्यायचा, महत्त्वाचं बोलणं दुसऱ्याच्या फोनवरून करायचं. शाळेतली एखादी विश्वासाची मॅडम असेल तर उत्तम.

भेटायला तुम्ही जाऊ नका, वहिनींना पाठवा. भाऊबीजेपर्यंत थांबू नका. शाळेत, मधल्या सुट्टीत नको कारण तेव्हा त्याचा कॉल येतो, शाळा सुटायच्या अर्धा तास आधी. हातात भाचीचा एखादा फ्रॉक, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर निमित्त आहे. वहिनींनी ‘तो मारतो का’ असं विचारू नये, ‘नाही’ म्हणून विषय संपेल. ‘तुझा आवाज बसला होता ना, अजून गिळताना दुखतं का?’ इथून सुरू करावं. मग ‘तुला त्याची भीती वाटते का?’ आणि गप्प बसावं. पहिली दोन मिनिटं फार लांब वाटतील, तरी मध्ये बोलू नये. ती बोलली तर ‘मी तुझं खरं मानते’, ‘यात तुझी चूक नाही’, ‘तू ठरवशील तसं करू’, आणि ‘तू आलीस तर दार उघडं आहे, कितीही वाजता, आणि कुणी तुला परत जा म्हणणार नाही’. हे चौथं वाक्य घरात आधी आईंशी पक्कं करून मगच तिला सांगा. दारात आलेल्या मुलीला आठव्या दिवशी ‘कधी जाणार?’ विचारलं गेलं, तर ती पुन्हा येत नाही.

डॉक्टरला दाखवणं मी पहिल्याच भेटीत सुचवीन. त्र्यंबक रोडचं सिव्हिल असो की कुठला खासगी दवाखाना, ‘गणपतीत नवऱ्यानं गळा आवळला होता, आवाज बसला होता’ हे तिने याच शब्दांत सांगावं आणि केसपेपरवर लिहून घ्यावं. ‘घसा दुखतो’ एवढंच सांगितलं तर सर्दीच्या गोळ्या मिळतात. आता महिना उलटलाय, खुणा नसतील, तरी तो कागद उपयोगाचा. आणि पुन्हा कधी गळ्याला हात लागला तर त्याच दिवशी, रात्री असली तरी, दवाखाना आणि पोलिसांसाठी ११२ ला फोन.

मग हळूहळू तयारी. तिचं आधार, पॅन, बँकेचं पासबुक, मुलीचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, शाळेच्या पगाराच्या स्लिपा, दागिन्यांच्या पावत्या, या सगळ्यांच्या झेरॉक्स वहिनींकडे. मूळ कागद एकदम हलवायचे नाहीत. तुमच्यात एक साधं वाक्य ठरवा. आमच्याकडच्या एकीचं होतं, ‘आईला सांग, लोणच्याची बरणी फुटली.’ स्पीकरवर ऐकणाऱ्याला काही कळलं नाही, माहेरच्यांनी मात्र ११२ ला फोन केला. भांडण पेटलं तर स्वयंपाकघर आणि बाथरूम टाळायचं, एकात सुऱ्या असतात आणि दुसऱ्यात निघायला वाट नसते. शेजारच्या एका घराला तरी माहीत असावं.

कायद्याची वाट थोडक्यात सांगते, पण नीट समजून घ्या, कारण लोक दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतात. पोलिसांत क्रूरतेचा गुन्हा दाखल होतो तो आधी ४९८ अ म्हणून माहीत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तो नवऱ्याला शिक्षा करण्याचा मार्ग. दुसरा मार्ग २००५ च्या कायद्याचा, ज्याला कोर्टात सगळे ‘डीव्ही’ म्हणतात. त्यात तिला काय हवंय ते मागायचं असतं: त्रास देऊ नये असा संरक्षण आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलीचा तात्पुरता ताबा, भरपाई. त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही, घरही सोडावं लागत नाही. घर सासऱ्यांच्या नावावर असलं म्हणून तिचा राहण्याचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या सतीशचंदर आहुजा निकालात सांगितलंय. आणि ती निफाडला येऊन राहिली तर जिथं ती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो, नाशिकलाच खेटे घालावे लागतील असं नाही.

सुरुवात संरक्षण अधिकाऱ्यापासून करा. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तुमच्या भागाचे संरक्षण अधिकारी कोण ते कळतं. ते घटनेचा अहवाल भरतात, त्याला डीआयआर म्हणतात. तो भरताना ‘त्रास होतो’ असं मोघम नको. तारीख, सण, कुठल्या खोलीत, काय म्हणाला, कोण होतं, पगाराचे पैसे कधी कुणी काढले, असं लिहावं. वकिलाच्या फीची काळजी नको. स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, किंवा १५१०० वर फोन. नुसतं बोलायला १८१ ही महिला हेल्पलाइन. राहायला जागा नसेल तर सखी वन स्टॉप सेंटर, तिथं काही दिवस निवारा, वैद्यकीय मदत, पोलीस आणि समुपदेशन एका जागी मिळतं.

वेळेबद्दल खोटी आशा देत नाही. कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि अर्जाचा निकाल ६० दिवसांत. माझ्या अनुभवात ६० दिवसांत निकाल क्वचित लागतो, तारखांवर तारखा पडतात. म्हणून वकिलाला पहिल्याच दिवशी कलम २३ खालचा अंतरिम आदेश मागायला सांगा. परिस्थिती तशी असेल तर समोरच्याला ऐकण्याआधीही तो मिळू शकतो. आणि संरक्षण आदेश हातात आल्यावर त्याने तो मोडला तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आदेशाची प्रत तिच्या पर्समध्ये आणि तिथल्या पोलीस ठाण्यात, दोन्हीकडे हवी.

त्याच्याकडून दोन गोष्टी येतील, त्यांची आधीच तयारी ठेवा. एक, ‘मुलगी तुला मिळणार नाही.’ पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं असं हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातच आहे, आणि तुमची भाची तीन वर्षांची आहे. दोन, ती माहेरी आली की पंधरा दिवसांत वकिलाची नोटीस, ‘विनाकारण घर सोडलं, नांदायला यावं.’ ती नोटीस बघून घरातले घाबरतात आणि मुलीला पोहोचवायला निघतात. त्या कागदानं कुणी तिला हाताला धरून नेऊ शकत नाही. तिला फक्त वेळेत उत्तर द्यायचं असतं, आणि त्या उत्तराला दवाखान्याचा केसपेपर आणि डीआयआर जोडलेला असला की ‘विनाकारण’ या शब्दाला जागा राहत नाही.

आणि समजा वहिनी भेटल्या आणि ती म्हणाली, ‘काही नाही हो, तुम्ही उगाच काळजी करता’, तर? तर वाद घालू नका. फ्रॉक द्या, चौथं वाक्य सांगा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणी पहिल्या विचारण्याला नाहीच म्हणाल्या होत्या. सातपूरच्या त्या बाईंना त्यांच्या नणंदेनं तीन वर्षांत सात-आठ वेळा विचारलं होतं. नवऱ्याच्या सख्ख्या बहिणीनं. शेवटी त्या त्याच नणंदेचा हात धरून आल्या.

एक काम आत्ता लगेच करा. तुमच्या प्रश्नात बहिणीच्या शाळेचं नाव, कॉलनीचं नाव आणि जावई कंपनीत कुठल्या खात्यात आहे ते लिहिलंय. ते सगळं काढून टाका. जो माणूस बायकोच्या मधल्या सुट्टीवर लक्ष ठेवतो, तो हेही वाचत असू शकतो.